कार्डांचं सरासरी वय

घटस्फोट घेतोय म्हटलं तर लोक एकवेळ समजून घेतात. जुनं क्रेडिट कार्ड बंद करतोय म्हटलं, की हात धरतात.

माझं हे कार्ड अठरा वर्षांचं. म्हणजे खातं अठरा वर्षांचं. प्लॅस्टिक अधूनमधून नवं येतं. शेवटचं आलं त्याच्यावरचं 'सुरू करण्यासाठी फोन करा' हे स्टिकरसुद्धा मी काढलेलं नाही. वापर शून्य, पण वार्षिक फी कशी अगदी वेळच्या वेळी लागते! म्हणून म्हटलं, बंद करून टाकू. एवढं ऐकलं नि भाचा उडालाच.

"मामा, वेडे झालात का? सरासरी वय कोसळेल!"

"माझं?"

"तुमचं नाही हो, खात्यांचं!"

अमेरिकेत राहायचं म्हणजे क्रेडिट स्कोअर नावाच्या, ३०० ते ८५० यांच्या मधल्या कुठल्यातरी आकड्यावर आपली कर्ज मिळायची लायकी ठरते, आणि तो आकडा आपल्यापेक्षा भाच्यांना जास्त कळतो. त्यात खात्यांचं सरासरी वयही धरतात, म्हणून त्यानं हिशेब मांडला. माझी कार्डं तीन, वयं अठरा, चार आणि दोन. बेरीज चोवीस, सरासरी आठ. थोरलं गेलं की उरली चार आणि दोन, सरासरी तीन. आठाचे तीन! त्याचा आवाज कापरा झाला होता.

गणित बिनचूक होतं. घोळ एवढाच, की कार्ड बंद झालं म्हणून ते क्रेडिट रिपोर्टातून, म्हणजे आपल्या उधारीच्या नोंदवहीतून, जात नाही. हप्ते नीट भरलेलं खातं बंद केल्यावरही साधारण दहा वर्षं तिथं राहतं आणि फिको या सर्रास चालणाऱ्या पद्धतीनं स्कोअर काढताना त्याचं वय धरतात, तेही वाढत जाणारं. (सगळ्याच पद्धती इतक्या दिलदार नाहीत, काही बंद खात्यांना लवकर बाजूला सारतात.) शिवाय फिकोत खात्यांच्या एकूण वयाला वजन १५ टक्के, नि सरासरी हा त्यातलाही एक तुकडा. वेळेवर पैसे भरण्याला ३५ टक्के आहेत, त्याबद्दल कोणी हात धरत नाही. बालवाडीत आजोबांना आणून बसवलं की वर्गाचं सरासरी वय वाढतं, पोरांचं अक्षर सुधारत नाही.

खरा फटका बसतो तो उधारीच्या मर्यादेमुळे, आणि लगेच. मर्यादेतला जितका जास्त भाग वापरलेला, तितका स्कोअर खाली. सगळ्या कार्डांची मिळून मर्यादा दहा हजार, उधारी तीन हजार, तर वापर ३० टक्के. त्यातलं चार हजारांचं कार्ड बंद केलं, की तीच उधारी ५० टक्के दिसते. म्हणून मी आधी बाकीची उधारी फेडून टाकली आणि मग फोन लावला.

फोनवरच्या यंत्राकडे कार्ड हरवलं, चोरीला गेलं, मर्यादा वाढवायची, सगळ्याला एकेक आकडा होता. बंद करायचं, याला आकडाच नाही! शेवटी मी 'चोरीला गेलं' दाबलं. फीच्या दृष्टीनं ते फारसं खोटंही नव्हतं.

बाई गोड होत्या. "सर, अठरा वर्षांचं आपलं नातं…" मी म्हटलं, मग बिनफीच्या कार्डात बदलून द्या, नातंही टिकेल नि वयही. तशी सोय या कार्डाला नव्हती. मग त्यांनी सरासरी वयाची भीती घातली, आणि त्याच दमात एक नवं कोरं कार्ड देऊ केलं.

आता हिशेब मांडायची पाळी माझी होती. "अहो, अठरा, चार, दोन आणि तुमचं शून्य. चोवीस भागिले चार, सहा! बंद केलं तर आज आठाचे आठच राहतात, त्याला तुम्ही धोका म्हणता. घेतलं तर आठाचे आजच सहा होतात, ती म्हणे भेट!"

पलीकडून बराच वेळ नुसतं संगीत ऐकू आलं. मग कार्ड बंद झालं.

भाच्याला हे पचेना. "पण दहा वर्षांनी रिपोर्टातून जाईलच ना?"

"जाऊ दे की. तोवर उरलेली दोन चौदा नि बारा वर्षांची झालेली असतील. सरासरी तेरा. आजच्यापेक्षा पाचानं जास्त."

त्यानं बोटांवर मोजून पाहिलं. "आणि ठेवलं असतंत तर अठरा झाली असती, मामा."

"बरं, मग?"

"मग काही नाही," माझ्या पिकल्या केसांकडे बघत तो म्हणाला, "तोवर तुम्हाला कर्ज देणार कोण, एवढाच प्रश्न आहे."