पांढरा केस सापडला? आधी दिवा बदला!

आरशासमोर कानशिलापाशी काहीतरी चमकलं ना? घाबरू नका. आधी दिव्याला दोष द्या, मग चष्म्याला. तेवढ्यानं भागलं नाही तर चिमटा घ्या आणि उपटा. एक उपटला की दहा येतात, हे खोटं आहे. खरं असतं तर टकलाचा प्रश्न चिमट्यानंच सुटला असता. त्याच मुळातून तोच केस परत येतो, पांढराच. फक्त आता आखूड असल्यामुळे अँटेनासारखा ताठ उभा राहतो. उपटतच राहिलात तर मूळच कायमचं बाद होईल. तोही एक उपाय.

मग गुन्हेगार शोधा. साहेब उत्तम. ताणामुळे रंगपेशींचा मूळ साठाच संपतो, असं २०२० साली प्रयोगात दिसलंय. प्रयोग उंदरांवर झाला होता, पण कचेरीतलं आपलं स्थान पाहता तेवढा फरक चालून जावा. वडिलांचा तिशीतला फोटो मात्र कपाटात खाली दडवा. खरं कारण बहुतेक वेळा त्यांच्याच कानशिलावर दिसतं.

झालंय एवढंच, की केसाच्या मुळाशी मेलॅनिन भरणाऱ्या पेशी संपत आल्यात आणि बदली मिळत नाहीये. रंगारी गेला, गवंडी कामावर आहे. ‘काळजीनं एका रात्रीत पिकले’ हे सांगायला छान वाटतं, पण डोक्याबाहेर आलेला केस मेलेलाच असतो. त्यात भरून झालेला रंग रातोरात काढणार कोण? तरीही ‘हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत’ असं धाकट्यांना जरूर ऐकवा. आजोबांच्या जनुकांनी झालेत, हे सांगायची गरज नाही.

बी-१२, थायरॉइड वगैरे तपासून घेऊ नका. खरंच कमतरता निघाली आणि औषधानं फरक पडला, तर तक्रार कशाची करणार? सिगारेटही चालू ठेवा. ओढणाऱ्यांचे केस अकाली पिकलेले जास्त आढळतात, पण मित्रमंडळ मोडायचं कशाला!

आता डाय. गंमत बघा: पिकलेल्या केसांत हायड्रोजन पेरॉक्साइड साठलेलं असतं, असं २००९ मध्ये संशोधकांना आढळलं. बहुतेक पक्क्या डायच्या दुसऱ्या बाटलीतही तेच असतं. आत फुकट मिळालेला माल आपण बाहेरून विकत आणून चोपडतो. ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून बघा, अशी सूचना खोक्यावर असते. बारीक अक्षरात असते, सोडून द्या. डायमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी निघाली आणि डोळे सुजून मिटले, की मोठ्या अक्षरातलंही वाचता येत नाही.

केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे तीन आठवड्यांत भांगात पांढरी रेघ हजर. तिच्यासाठी टोपी आहे. कानाच्या पाळीवर राहिलेल्या काळ्या डागाला ‘पेनची शाई’ म्हणावं. मी म्हणालो होतो. समोरच्यानं माझ्या पाळीकडं बघितलं, मग हळूच स्वतःची चोळली.