उभी डवरणी, आडवी डवरणी

आमच्या घरी कापूस आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत राहतात. वेचा सुरू झाला की भाव वाढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचा, ही आमच्या यवतमाळकडची रीत, आणि भाव काही लवकर मनावर घेत नाही. यंदा 15 क्विंटल भरला. भिंतीपासून निघालेला ढीग पलंग गिळून टेबलापर्यंत आला. टेबलावर डेस्कटॉप. एमएस-सीआयटीचा सराव व्हावा, वेतनवाढ अडकू नये म्हणून कधीकाळी घेतलेला. पडद्यावर अजून विंडोज एक्सपीची तीच हिरवी टेकडी. तो फोटो 1996 साली कॅलिफोर्नियात काढलेला. आमच्याकडे एवढं हिरवं फक्त पोळ्याच्या आसपास दिसतं.

तुळशीचं लग्न लागलं आणि निरोप आला, उद्या पुतणीला पाहायला पाहुणे येतात. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर. बायोडाटा टाइप करायचं काम वहिनींनी माझ्यावर टाकलं, कारण अख्ख्या घरात लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट फक्त माझं. 'उंची' या शब्दापर्यंत आलो आणि माऊसचा बाण आडवा जाईना. वर जातो, खाली येतो. डावी-उजवीकडचं नाव नाही.

शेजारचे मोटार रिवाइंडिंगवाले भाऊ आले. गावात बिघडलेली कोणतीही वस्तू ते आधी कानाला लावून पाहतात. माऊसही लावला.

"गुरुजी, याची उभी डवरणी झाली, आडवी राह्यली नं बाप्पा!"

डवरणी म्हणजे आमच्याकडची कोळपणी, पिकाच्या ओळींमधून एकदा उभी, एकदा आडवी. हसू नका, निदान अचूक होतं. डग्लस एंगलबार्टनं 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत चारचौघांसमोर माऊस दाखवला. त्याचा पहिला माऊस लाकडी होता आणि त्याच्या पोटाखाली दोन चाकं होती, एक उभ्या चालीचं, एक आडव्या. आमच्या गावच्या सुताराला दाखवला असता तर त्यानं दांडी बसवून दिली असती. माझा माऊस गोळीवाला. आत रबर चढवलेली लोखंडी गोळी, आणि तिला टेकलेले दोन बारके रूळ. खालची चकती फिरवून गोळी काढली तर आडव्या रुळावर कापसाची अशी पेळू गुंडाळली होती की वात वळून दिवा लावावा.

नखानं ती काढत होतो, तेवढ्यात गोळी टेबलावरून घरंगळली आणि ढिगात गेली.

15 क्विंटल कापसात एक गोळी. भाऊ कोपरापर्यंत, मी खांद्यापर्यंत. अंगाला खाज सुटली. पुतण्या म्हणाला, "काका, मोबाईलवर करा ना." त्याला पाणी आणायला पाठवलं. बायको दारातून म्हणाली, "अवो, काय हरवलं?" मी म्हटलं, उंदराची गोळी. पुढचे दोन तास ती उंदीर मारायच्या गोळ्यांबद्दल बोलत होती आणि मी माऊसबद्दल, हे आम्हाला जेवताना कळलं.

शेवटी भाऊंनी घरून फुटक्या स्पीकरचं चुंबक आणलं, सुतळीला बांधलं आणि विहिरीत गळ टाकावा तसं ढिगात फिरवलं. तिसऱ्या फेरीला टच्च आवाज आला. या माणसाचं सर्टिफिकेट कोणी लॅमिनेट करत नाही, हा आपल्या शिक्षणपद्धतीचा दोष आहे.

गोळी बसवली, तर बाण आता मुळीच हलेना. चूक माझी. साफ करताना वायर उपटली होती. गोल, सहा पिनांचं ते पीएस-टू कनेक्शन 1987 सालचं, जुन्या वळणाचं; चालू मशीनमध्ये काढून परत लावलं तर ओळख देत नाही. मशीन पुन्हा चालू करावी लागते. माऊसशिवाय? कंट्रोल-एस्केप, मग यू, मग आर. हे मला पाठ होतं, आणि सांगितल्यावर भाऊंनी पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं पाहिलं.

तो आदर दोन मिनिटं टिकला, कारण लाइन गेली. अंधारात मी सीपीयूमागे हात घालून वायरी नीट दाबून घेतल्या, एक-दोन हातात निघाल्या, त्याही खोचल्या. माऊसचं भोक हिरवं, कीबोर्डचं जांभळं. आकार हुबेहूब एक. उजेडातही आमच्याकडे दोन्ही काळ्या मातीच्या रंगाची. लाइन आली, मशीन चालू केली, आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

"मंग दाबा नं," भाऊ म्हणाले.

"काय दाबू? कीबोर्डच नाही म्हणते ना!"

"म्हणजे दाखला पायजे तर आधी तोच दाखला आणा," ते शांतपणे म्हणाले. सरकारी कामाचा त्यांना अनुभव आहे.

मशीन बटणानं बंद केली, ओल्या फडक्यानं भोकं पुसली, हिरव्यात हिरवं, जांभळ्यात जांभळं घातलं. बाण उभा चालला, आडवा चालला. रात्रीचे पावणेबारा.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. पोहे येईपर्यंत काय बोलावं कळेना, म्हणून त्यानं टेबलावरचा माऊस उचलला, उलटा केला. "काका, याच्यात गोळी असते?" असं कौतुकानं विचारून त्यानं चकती फिरवली.

मी डोळे मिटले.

पुतणी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, तेव्हा पाहुणा ढिगात कोपरापर्यंत होता. तिनं ट्रे माझ्या हातात दिला, कोनाड्यातलं चुंबक घेतलं आणि म्हणाली, "थांबा, असं नाही सापडत ते." दोघंही गुडघ्यांवर बसलेले, त्यामुळे उंचीचा विषय कोणी काढलाच नाही.