पसंतीक्रम कुणाच्या हातात?

आयर्लंडमध्ये डब्लिनला नोकरी करणारा सुन्या सुट्टीवर आलाय, त्यामुळे काल रंकाळ्याच्या कट्ट्यावर थेट युरोपियन संसद निघाली.

"७ जून २०२४ ला तिकडं एकाच दिवशी दोन निवडणुका होत्या, एक स्थानिक आणि एक युरोपियन संसदेची," तो म्हणाला. "पासपोर्ट भारताचा असला तरी तिथं राहतो म्हणून स्थानिक निवडणुकीत मत देता आलं. युरोपची मतपत्रिका मात्र आयर्लंडच्या आणि युरोपियन युनियनमधल्या इतर देशांच्या नागरिकांनाच."

"मग हे युरोपचे खासदार निवडतात कसे?" मास्तरांनी विचारलं.

"देशाला १४ जागा, मतदारसंघ तीन. डब्लिनला ४, बाकीच्या दोन्हींना ५-५. नावांपुढं १, २, ३ असे आकडे घालायचे. पाच जागा असतील तर वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जरा जास्त, एवढा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं. निवडून आलेल्याची जादा मतं पुढच्या पसंतीला जातात आणि सगळ्यात मागचा बाद झाला की त्याचीही."

"आरं, ही तर राज्यसभा!" बाळ्या ओरडला.

बरोबर आहे. आपले आमदार राज्यसभेसाठी असंच मत देतात. जून २०२२ ला सहाव्या जागेवर पहिल्या पसंतीत संजय पवार पुढे होते, तरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर धनंजय महाडिक निवडून आले. दोघंही कोल्हापूरचे, त्यामुळे हे गणित या कट्ट्यावर कुणाला समजवावं लागत नाही.

वकीलसाहेबांना पद्धतच मान्य नव्हती. "त्या मिडलँड्स-नॉर्थ-वेस्ट मतदारसंघात २७ उमेदवार! कोण वाचणार एवढी नावं? आणि २०१९ ला साऊथ मतदारसंघात ३२७ मतांच्या फरकावर फेरमोजणी मागितली, तर ती २८ दिवस चालेल म्हणाले. शेवटी जिनं मागितली तिनंच माघार घेतली. त्यापेक्षा जर्मनी बघा. ९६ जागा, पक्षाच्या यादीला एक मत, विषय संपला."

"त्या यादीत वर कोण आणि खाली कोण, हे ठरवतं कोण?" मी विचारलं. "पक्ष. मतदाराला नाव वर-खाली करता येत नाही. पक्ष आवडतो पण त्याचा पहिला उमेदवार नको, हे जर्मन माणसानं सांगायचं कुठं? आयर्लंडमध्ये ते मतपत्रिकेवरच सांगता येतं. त्यासाठी मोजणी आठवडाभर चालली तरी चालेल."

"आणि २०२० ला आयर्लंडच्या खासदार मॅरेड मॅकगिनेस युरोपियन कमिशनवर, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळावर गेल्या तेव्हा?" वकीलसाहेब सोडायला तयार नव्हते. "पोटनिवडणूक नाही. आधी दिलेल्या पर्यायी यादीतून कॉल्म मार्की आत. तिथं मतदाराला कुणी विचारलं?"

हा मुद्दा खरा आहे, आणि मला तो बोचतो. माल्टातही हीच पसंतीची पद्धत आहे, पण तिथं जागा सोडणाऱ्याला मिळालेल्या मतपत्रिका पुन्हा काढून पुढची पसंती बघतात. आयर्लंडनंही तेच करायला हवं.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या महापालिकेत चार जागांचा प्रभाग असतो. डब्लिनलाही चारच. मग आमदारांना जमतं ते आपल्याला का नको?"

"अ, ब, क, ड जागांवरच्या आरक्षणाचं काय करणार?" वकीलसाहेबांनी विचारलं. मास्तरांनी सुन्याकडून पेन घेतलं आणि पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडायला सुरुवात केली.