ग्रह लिथियम खात नाहीत, मावशी

परवा साखळीहून मावशीचा फोन. "बाबू, गोळ्या सोडून नवग्रहशांती करून घेऊ का रे? व्हॉट्सॲपवर आलंय, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय." मावशी कित्येक वर्षं उन्माद-नैराश्याच्या आजारासाठी लिथियमच्या गोळ्यांवर आहे, आणि त्यांच्यावरच ती धड आहे.

मेसेज असा: ग्रह आपल्या ताऱ्यातलं लिथियम ओढून घेतात, 'नासा'नं सिद्ध केलं, माणसाच्या मेंदूतलंही ग्रहच ओढतात, शांती केली की गोळ्या नकोत; शिवाय लोखंड जास्त असलेल्या ताऱ्यांना ग्रह जास्त, म्हणून शनिवारी लोखंड दान करा.

यात चिमूटभर खरं आहे, म्हणून जास्त चीड येते. २००९ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत गॅरिक इस्रायलियन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं होतं, की सूर्यासारख्या ग्रहवाल्या ताऱ्यांत लिथियम कमी दिसतं. नासा नव्हे, युरोपीय खगोलशास्त्रज्ञ. पुढच्याच वर्षी बाउमान आणि सहकाऱ्यांनी वय, वस्तुमान जुळणारे तारे शेजारी ठेवले, तर फरक उरलाच नाही. वयाबरोबर लिथियम घटतंच. म्हाताऱ्यांची तुलना तरुणांशी झाली होती. वाद पुरता मिटलेला नाही, पण 'ग्रह ओढतात' असं दोन्हींपैकी कोणीच म्हणत नाही. उलट ग्रह ताऱ्यात कोसळला तर लिथियम वाढायला हवं!

मग ते जातं कुठे? जळतं. सुमारे २५ लाख अंशांना लिथियमचा अणुगर्भ प्रोटॉन आदळून फुटतो आणि हेलियम होतो. पेज ढवळताना तळाला लागलेला कण करपतो ना, तसं. वरचा वायू घुसळत खोल जातो आणि हळूहळू लिथियम संपतं. सूर्यात मूळच्या साधारण दीडशेव्या हिश्शाएवढंच उरलंय.

मेसेजमधलं लोखंडाचं म्हणणं तेवढं बरोबर: लोह जास्त असलेल्या ताऱ्यांभोवती मोठे ग्रह जास्त सापडतात (फिशर आणि व्हॅलेंटी, २००५). त्यावरून शनिवारी लोखंड दान करायचं कुठून निघालं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता मेंदू. गोळीतलं लिथियम हा साधा क्षार. तो मूत्रपिंडातून लघवीवाटे जातो, शनीकडे नाही. म्हणून तर रक्तातलं प्रमाण तपासत राहतात. गोळी एकदम तोडली तर उन्माद किंवा नैराश्य उलटून येतं, कधी जिवावरही बेततं. हे 'दहा जणांना पाठवा' म्हणणाऱ्याला कोणी विचारायचं?

शांती करायची तर खुशाल कर, मावशी, फळं-फुलं मी म्हापशाच्या बाजारातून आणतो. रात्रीची गोळी मात्र चुकवू नकोस. सोमवारी रक्त द्यायचंय, सकाळी गाडी घेऊन येतो.