माकडहाड

दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' शिकवायला घेतलं की मागच्या बाकावरून एक हात वर येणारच. "बाई, मग आत्ताच्या माकडांची माणसं का होत नाहीत?" वर्ग फिसकन हसतो. मी चिडत नाही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलंच नाही म्हणून डार्विन चुकीचा ठरवला होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना निवेदन काढावं लागलं. पोर तर नुसतं विचारतंय!

मी त्याला विचारते, चुलतभाऊ तुझा बाप आहे का रे? नाही. पण पणजोबा एकच ना? चिंपांझी आपले भाऊबंद. वाटणी झाली साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी. आमच्या गावात भाऊबंदकी कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

मला जड जातात ती लगेच मान डोलावणारी मुलं. "बाई, हे तर दशावतारात आहेच की! मत्स्य, कूर्म, वराह…" बोलणारी मुलगी हुशार, घरी रोज हरिपाठ. सुरुवातीची काही वर्षं मीही "हो, तसंच" म्हणून पुढे सरकायची. धडा संपायचा, कुणी दुखावायचं नाही. आता नाही म्हणत. अवतार कुणीतरी ठरवून, कशासाठी तरी घेतो. उत्क्रांतीत ठरवणारं कुणी नाही, आणि माणूस म्हणजे शेवटची पायरीही नाही. मासे आजही आहेतच, आणि पाण्यात ते आपल्यापेक्षा बरेच सुखात आहेत. तिला म्हटलं, हरिपाठ म्हण, पण दशावताराला माझ्या धड्याचा साक्षीदार करू नकोस. विज्ञान स्वतःला दुरुस्त करत राहतं, दर वेळी देवाला जबानी बदलायला लावणार का?

2023 ला एनसीईआरटीनं, म्हणजे केंद्राची शालेय पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थेनं, त्यांच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली, तेव्हा 1800 हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं. बारावीला आहेच, असं उत्तर आलं. दहावीनंतर कॉमर्सला, आयटीआयला जाणाऱ्या पोरांनी काय करायचं?

असो. परवा अवशेषांगं, म्हणजे पूर्वजांच्या अवयवांच्या आपल्या शरीरात उरलेल्या खुणा, शिकवताना सगळ्यांना कण्याच्या टोकाशी हात लावायला सांगितला. शेपटीची खूण ती हीच, म्हटलं. याला घरी काय म्हणतात?

"माकडहाड!" अख्खा वर्ग ओरडला.

मग हरिपाठवाली हळूच म्हणाली, "बाई, आजी अंगणात घसरली तेव्हा तिला तिथंच लागलं होतं."