भाडं वाया जातं, मग व्याज कुठे जातं?

"भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. हप्ता भरा, घर तुमचं होईल. घराच्या किमती कधी पडत नाहीत, कारण जमीन नव्याने तयार होत नाही आणि माणसं येतच राहतात. परदेशी गेलात तर पहिल्या वर्षीच घर घ्या, नाहीतर स्थलांतरितांची पुढची लाट येईल आणि तुम्ही जन्मभर भाडेकरू राहाल."

शब्द थोडेफार बदलून हा मजकूर मला इतक्यांदा आला आहे की आता तोंडपाठ झालाय. पाठवणारे हितचिंतकच असतात आणि बहुतेकांनी स्वतः कर्ज काढलेलं असतं. (आपण फेडतोय तेच कर्ज दुसऱ्यानेही काढलं की जिवाला बरं वाटतं, असा माझा आपला संशय.) मी घर घेण्याच्या विरोधात नाही, एकदा घेतलंही आहे. पण या चार ओळींत हिशेब असा कुठेच नाही.

पहिलं वाक्य घेऊ. भाडं परत येत नाही, हे खरंच. पण घर घेणाऱ्याचे कोणते पैसे परत येत नाहीत, याबद्दल मजकूर मूग गिळून बसतो. समजा घराची किंमत १२५ (लाख म्हणा, हजार म्हणा, प्रमाण तेच). त्यातले २५ तुमचे, १०० कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण ०.९०. पहिल्या हप्त्यातले ०.७५ व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम ०.१५. पाच वर्षांत तुम्ही ५४ भरता, तरी ८९ देणं बाकीच असतं. अर्धं कर्ज फिटायला दहा नव्हे, चौदा वर्षं लागतात. वीस वर्षांत एकूण भरता सुमारे २१६, म्हणजे कर्जाहून व्याजच जास्त. व्याज ६ टक्के धरलं तरी २० वर्षांचं व्याज ७२ च्या घरात जातं.

हे मी कागदावर शिकलो नाही. नोकरीचं ठिकाण बदललं म्हणून चौथ्या वर्षी घर विकायला काढलं, तेव्हा कर्जाचा उतारा मागवला. शंभरातले साडेआठ फिटले होते. चार वर्षं मी 'स्वतःच्या घराचा हप्ता' भरतोय असं समजत होतो, पण मुख्यतः पैशाचं भाडं भरत होतो. घरमालकाऐवजी बँकेला, एवढाच फरक.

म्हणून भाड्याची तुलना हप्त्याशी करायचीच नसते. दोन्हीकडचे परत न येणारे पैसे समोरासमोर मांडायचे असतात. वरच्याच घरात पहिल्या वर्षीचं व्याज सुमारे ८.९. तुमचे २५ दुसरीकडे ६ टक्क्यांनी ठेवले असते तर मिळाले असते ते १.५. देखभाल, कर, विमा मिळून किमतीच्या १ टक्का धरला तर १.२५. बेरीज ११.७ च्या आसपास. खरेदी-विक्रीची दलाली आणि नोंदणीखर्च यात धरलेलाच नाही. आता घराची किंमत वर्षाला ६ टक्के वाढली तर ७.५ तुमच्या बाजूने वजा करा, उरले ४.२. तसंच घर किमतीच्या ३ टक्के भाड्याने मिळत असेल तर भाडं ३.७५. बरोबरीच म्हणा. किंमत जागच्या जागी राहिली तर घर घेणारा सपाटून मार खातो. उलट भाडं किमतीच्या ६-७ टक्के असेल आणि किंमत वाढत असेल, तर घर घेणंच शहाणपणाचं. निकाल भाडं आणि किंमत यांच्या गुणोत्तरावर लागतो, आणि ते गावोगावी, वर्षागणिक वेगळं असतं. 'भाडं वाया' हे सगळीकडे आणि सदासर्वदा खरं असतं तर स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहिले नसते, आणि रोमेनिया, जिथे नव्वद टक्क्यांहून अधिक लोक स्वतःच्या घरात राहतात, युरोपातला सर्वांत धनाढ्य देश ठरला असता.

एक गोष्ट मात्र मजकुराच्या बाजूने आहे, आणि गंमत म्हणजे त्याने ती सांगितलेलीच नाही. हप्ता ही सक्तीची बचत आहे. भाडं आणि हप्ता यांतला फरक दर महिन्याला नेमाने बाजूला टाकणारी माणसं कमीच. बाकीच्यांचा तो फरक खर्चून जातो. शिवाय 'पुढच्या महिन्यात खोली सोडा' असं कुणी सांगणार नाही, ही निश्चिंती कुठल्या कोष्टकात बसत नाही. या दोन कारणांसाठी कुणी घर घेत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. पण मग तसं म्हणावं, पाण्यात पैसा कशाला घालता म्हणून घाबरवू नये.

आता 'किमती कधी पडत नाहीत'. हे म्हणणाऱ्याला जपान ठाऊक नसावा. तिथल्या जमिनीच्या किमतींनी १९९१ च्या सुमारास शिखर गाठलं आणि मग त्या दीड दशक घसरत राहिल्या. सहा मोठ्या शहरांतल्या निवासी जमिनीची किंमत निम्म्याहूनही खाली आली. अमेरिकेत २००६ पासून २०१२ पर्यंत देशभरच्या किमती साधारण पाव हिश्शाने उतरल्या. आयर्लंडमध्ये २००७ ते २०१३ या काळात जवळजवळ निम्म्या झाल्या. आणि पडझड पूर्ण किमतीवर होत असली तरी फटका आधी तुमच्या पैशाला बसतो. आपल्या उदाहरणातलं १२५ चं घर २० टक्क्यांनी उतरून १०० वर आलं, तर तुमचे २५ साफ गेले; बँकेचे १०० आहेत तिथेच.

(शेअर बाजारवाल्यांनी लगेच हसू नये. टोकियोचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या उंचीवर होता, ती ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.)

"आजोबांनी घेतलेलं घर आज दहापट झालं" हे उदाहरण ठरलेलंच. तीस वर्षांत दहापट म्हणजे वर्षाला ८ टक्क्यांहून किंचित कमी. त्यातून महागाई, दुरुस्त्या, कर वजा करा. आकडा वाईट नाही, पण चमत्कारही नाही.

'जमीन नव्याने तयार होत नाही' यावर फार वेळ घालवत नाही. माणूस जमिनीवर राहत नाही, मजल्यावर राहतो, आणि किती मजले चढवायचे ते निसर्ग नाही, नियम ठरवतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये बहुतांश निवासी भागात दाट बांधकामाला मुभा दिली. पुढच्या पाच-सहा वर्षांत बांधकाम परवान्यांची संख्या दुपटीच्या आसपास गेली. जमीन तेवढीच होती. आणि माणसंच कमी होऊ लागली तर? जपानच्या २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली.

'माणसं येतच राहतात' हा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि ते दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. गुंतवणूक विकणारा म्हणतो, स्थलांतरित येतील, भाव वाढतील, घ्या. स्थलांतरितांवर राग असणारा म्हणतो, यांच्यामुळेच घरं महागली. अल्बर्ट साइझ या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकी शहरांचा अभ्यास २००७ मध्ये मांडला. शहराच्या लोकसंख्येच्या १ टक्का इतके स्थलांतरित आले, तर भाडी आणि किमती साधारण १ टक्क्याने वाढतात, असं त्यात दिसलं. परिणाम आहे, पण ज्या शहरांत किमती काही वर्षांत दुप्पट झाल्या, तिथली सगळी वाढ यावर ढकलता येत नाही. आणि फिलिपा सा यांनी ब्रिटनमध्ये तेच तपासलं, तेव्हा स्थानिक पातळीवर उलटच चित्र निघालं: स्थलांतरित वाढले त्या भागातून चांगल्या मिळकतीचे जुने रहिवासी बाहेर पडले, आणि किमती उतरल्या.

कॅनडाचं उदाहरण तर या मजकुराला थेट आडवं जातं. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर मार्च २०२२ च्या सुरुवातीला ०.२५ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये तो ५ टक्के झाला. त्याच २०२३ सालात देशाची लोकसंख्या १२ लाखांहून जास्त वाढली. वाढीचा इतका वेग १९५७ नंतर दिसला नव्हता, आणि ही वाढ जवळजवळ सगळी बाहेरून आलेल्यांची. तरी घरांच्या किमती २०२२ च्या सुरुवातीच्या शिखरावरून खाली आलेल्या होत्या. भाडी मात्र चढली. नवा आलेला माणूस आधी भाड्याची खोली शोधतो, आणि घराची किंमत ठरते ती लोकांना किती कर्ज परवडतं त्यावर. 'लाट येईल, भाव चढतील' या साध्या गणितात व्याजदराचा पत्ताच नाही.

लाट एकाच दिशेने वाहते, हाही गैरसमज. २००४ मध्ये युरोपीय संघात नवे देश आले, तेव्हा आयर्लंडने त्यांच्या कामगारांना लगेच दार उघडलं. माणसं आली, भाव चढले. २००८ ला सगळं कोसळलं, आणि काही वर्षं येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त झाले. अर्धवट बांधलेल्या ओस वसाहती मागे राहिल्या. माणसं रोजगारामागे येतात आणि त्याच्यामागेच जातात.

राहिला 'परदेशी गेलात तर पहिल्या वर्षीच घर घ्या' हा सल्ला. पाठवणाऱ्याचं चुकतं ते मला इथे सगळ्यात जास्त खटकतं. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या तात्पुरत्या परवान्यावर, असलेल्याची नोकरी गेली, तर दुसरी नोकरी शोधायला किंवा निघायला त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात. घर नावावर असल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. पडत्या बाजारात ६० दिवसांत घर विकणारा माणूस किंमत ठरवत नाही, मिळेल ती घेतो. मुक्काम पक्का नसताना भाडं हे हवं तेव्हा निघता येण्याच्या मोकळिकीचं मोल असतं.

'घर पाहावं बांधून' ही म्हणही हल्ली घर घ्यायच्या बाजूने फेकली जाते. ती म्हण सांगते की किती दमछाक होते ते करून बघा.

मजकूर मला शेवटचा ज्याने पाठवला, त्याला मी तीनच गोष्टी विचारल्या. तुझ्या कर्जात मुद्दल किती उरलंय? तसंच घर शेजारी किती भाड्याने मिळतं? आणि पाच वर्षांनी तू त्याच गावात असशील का? दोन दिवसांनी उत्तर आलं: "हप्ता माहीत आहे रे. बाकीचं बघून सांगतो."