लंडनच्या तिकिटावर एक स्टार देणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा, आमच्या बेळगावच्या ट्रॅव्हल ऑफिसबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की बेंगळुरू ते लंडन 8000 किलोमीटर, विमान 900 च्या स्पीडनं जातं म्हणजे नऊ तास, तिकिटावर तर सहाच तास दिसले आणि काका-काकू बसले साडेदहा तास, आणि आता परतीचं सव्वापंधरा तासांचं स्वस्तातलं लांबचं विमान गळ्यात मारलं, वर बेळगावच्या विमानासाठी बेंगळुरात थांबायला लावलं. फसवणूक हा शब्द लागला हो मनाला, म्हणून सविस्तर लिहितो.

तिकिटावर निघायची वेळ भारताची असते आणि पोचायची लंडनची. जाताना दुपारी दीड ते संध्याकाळी साडेसात म्हणून सहा दिसतात, पण उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं, ते मिळवा, झाले साडेदहा. त्याच तिकिटावर ड्युरेशन (प्रवासाचा एकूण वेळ) म्हणून वेगळं छापलेलं असतं, त्यावर पेनानं गोल करून काकांना दाखवलेलं की आमच्या टिळकवाडीच्या ऑफिसात.

आता नऊचे साडेदहा का. नकाशावरचे 8000 म्हणजे सरळ रेषा. पणजी आपल्या बेळगावपासून सरळ मोजली तर 80 किलोमीटरच्या आसपास, पण चोर्ला घाटातून गेलं की शंभरच्या वर जातं, तसंच आकाशातही ठरलेल्या वाटेनंच जावं लागतं, युद्धाचा भाग टाळायचा, आणि पाकिस्तानचं आकाश आपल्या कंपन्यांना एप्रिल 2025 पासून बंद आहे (त्याचा जास्त फटका दिल्लीवाल्यांना). शिवाय वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचं वारं असतं, जेट स्ट्रीम म्हणतात, जाताना ते समोरून येतं आणि येताना मागून ढकलतं. रनवेपर्यंत जायचा वेळ पण यातच धरलेला असतो.

म्हणूनच परतीचं विमान उलट लवकर येतंय बघा. नोव्हेंबरात रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेबाराला बेंगळुरू, हेच तुमचे घड्याळावरचे सव्वापंधरा तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ तासभर मागं घेतात, मग फरक साडेपाच तासांचा होतो, तो वजा करा, पावणेदहा तास राहतात. डायरेक्टच आहे, मध्ये कुठंही उतरायचं नाही.

राहिली बेंगळुरात थांबायला लावल्याची तक्रार. तो वेळ मी मुद्दाम ठेवलाय आणि पुढंही ठेवणार. इमिग्रेशनची लाईन, बॅगा, आणि बेळगावचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) आहे म्हणजे लंडनचं लेट झालं तर पुढची कंपनी थांबत नाही न् पैसेही देत नाही, टर्मिनल 2 वरून 1 ला जायचं असलं तर बसनं जावं लागतं, आणि काकूंचं गुडघ्याचं दुखणं तुम्हीच सांगितलेलं. व्हीलचेअर दोन्हीकडं लिहून ठेवलीय. सांबऱ्याचं, म्हणजे बेळगाव विमानतळाचं, संध्याकाळचंच विमान राहू दे, दुपारचं करून मागू नका.